आंब्याची वाटणी : एका अर्धविस्मृत चित्रकथेचे पुनरवलोकन

१

बोधप्रधान कलाकृतींच्या वाट्याला एक विशेष प्रकारचे विस्मरण येते. अशी कृती लोक पुरती विसरत नाहीत. ते तिचे तात्पर्य ध्यानात ठेवतात, आणि ज्या वाटेने ती कृती त्यांना त्या तात्पर्यापर्यंत घेऊन गेली ती वाट तेवढी विसरून जातात. पुढे तात्पर्यच कृतीच्या नावाने वावरू लागते व मूळ कृती पाहण्याची गरज कोणास भासेनाशी होते. युनिसेफच्या प्रेरणेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तयार झालेल्या 'मीना' या चित्रमालिकेची महाराष्ट्रात अशी स्थिती झालेली दिसते. 'मीना राजू मंच' हे नाव आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांतून परिचित आहे. मुलामुलींच्या समानतेविषयीचे उपक्रम या नावाखाली चालत आले आहेत. परंतु ज्या मीनाचे व ज्या राजूचे हे नाव, त्यांच्या कथा पडद्यावर हालत्या-बोलत्या स्वरूपात पाहिलेले विद्यार्थी फार थोडे भेटतात. नाव राहिले, उपक्रम राहिला, आणि हसविणारी गोष्ट मात्र मागे पडली.

या मालिकेचा एक भाग इंग्रजीत 'डिव्हायडिंग द मँगो' या नावाने निघाला. प्रस्तुत लेखात त्याचा उल्लेख 'आंब्याची वाटणी' असा केला आहे. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसमवेत तो अलीकडे पुन्हा पाहण्याचा योग आला. हे विद्यार्थी गिरगाव, परळ, लालबाग या भागांतील होते. पाहण्यापूर्वी 'या भागाविषयी काय आठवते?' असे विचारले असता ज्यांना काही आठवत होते त्या सर्वांनी 'मुलगा-मुलगी समान' हे एकच उत्तर दिले. प्रत्यक्ष भाग सुरू झाल्यावर मात्र हीच मंडळी मोकळेपणाने हसली आणि शेवटी त्यांच्यात बराच वेळ वाद चालला. घोषवाक्यावर असा वाद होत नसतो. तो ज्या गोष्टीमुळे झाला ती या भागाच्या विनोदात आहे, आणि त्या विनोदाची घडण तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू होय. तपासाअंती दोन गोष्टी दिसून येतात, असे आमचे मत आहे. एक, हा भाग आपले म्हणणे विनोदाच्या द्वारा जितक्या सूक्ष्मपणे मांडतो तितक्या सूक्ष्मपणे ते त्याच्या तात्पर्यात उरत नाही. आणि दुसरी, ज्या ठिकाणी हा भाग विनोद सोडून युक्तिवाद करू लागतो त्याच ठिकाणी त्याचा पाया कच्चा पडतो.

२

मालिकेचे मुंबईशी असलेले नाते प्रथम सांगितले पाहिजे. निर्जीव वस्तूंना किंवा रेखाटनांना एकेका चित्रागणिक सरकवून त्यांत चलनाचा भास निर्माण करण्याची कला आपल्याकडे नवी नाही. ज्या दादासाहेब फाळके यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र' तयार केला व ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांपुढे आणला, त्यांनीच १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा छोटा गमतीचा चित्रपट केला. काड्यापेटीतील काड्यांना नाचविण्याचा तो खेळ होता. आपल्या देशातील या कलेचा आरंभ देवादिकांच्या चरित्राऐवजी एका गमतीने झाला, ही गोष्ट विनोदाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९४८ साली केंद्र शासनाने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. पेडर रोडवरील तिच्या कार्यालयात १९५६ च्या सुमारास व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला व डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी येथील चित्रकारांस शिक्षण दिले. जातककथेवर आधारलेला 'द बनियन डिअर' हा १९५७ चा चित्रपट त्या शिक्षणाचे पहिले महत्त्वाचे फळ. या संस्थेचे लघुपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी सक्तीने दाखविले जात. लालबागच्या 'भारतमाता'मध्ये किंवा दादरच्या 'प्लाझा'त तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाने ते मागितलेले नसत. असा प्रेक्षक तोंडावर तात्पर्य फेकणाऱ्या लघुपटाला कंटाळतो, चुळबुळ करतो, विडी ओढावयास बाहेर जातो. त्याला खुर्चीत बसवून ठेवावयाचे तर पहिल्या अर्ध्या मिनिटात हसवावे लागते. बोध आणि विनोद यांची सांगड घालण्याची ही सक्ती येथील चित्रकारांच्या हाताला वळण लावून गेली. फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. परंतु ते वळण तिच्या पुढेही टिकले.

'मीना'चे चित्ररूप सिद्ध करणारे राम मोहन (१९३१–२०१९) हे याच विभागात १९५६ साली दाखल झाले होते. १९६८ मध्ये ते तेथून बाहेर पडले व १९७२ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची संस्था काढली. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) या चित्रपटातील व्यंगचित्रात्मक प्रवेशाचे काम त्यांनीच केले. तेथे एतद्देशीय राज्ये फळांच्या रूपाने दाखविली असून डलहौसी ती एकेक करून तोंडात टाकतो. सातारा आणि नागपूर ज्या धोरणाने खालसा झाली त्या धोरणाचे याहून अल्पाक्षरी चित्र सापडणे कठीण. फळ कोणाच्या तोंडात जाते, या एका प्रश्नात सत्तेचा सारा व्यवहार सामावू शकतो हे राम मोहन यांना चांगले ठाऊक होते. 'आंब्याची वाटणी'कडे वळताना ही पूर्वपीठिका उपयोगी पडते.

दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या सार्क संघटनेने १९९१ ते २००० हे दशक बालिकांचे दशक म्हणून जाहीर केले होते. त्या निमित्ताने भारत, पाकिस्तान, बांगलादेश व नेपाळ या देशांत चालेल अशी एक मुलगी कल्पावयाची होती. तिचे नाव, पोशाख, घर यांविषयी या देशांतील गावोगावच्या लोकांना चित्रे दाखवून त्यांची मते घेण्यात आली. त्यातून जी मीना तयार झाली तिचे गाव नकाशावर कोठेच नाही; आणि तिच्या पोशाखावरून ती अमुकच देशाची वा धर्माची असे निश्चित म्हणता येत नाही. समितीने ठरविलेली पात्रे बहुधा निर्जीव निघतात. मीना तशी निघाली नाही, याचे श्रेय रेषेला जितके आहे तितकेच तिच्या भोवती उभ्या केलेल्या हास्यकारक व्यवहाराला आहे.

३

कथा साधी आहे. मीना झाडावर चढून एक आंबा काढते. घरी आणल्यावर त्याची वाटणी होते आणि मोठा वाटा तिचा भाऊ राजू याला मिळतो. रात्री जेवणातही तोच प्रकार घडतो. राजूच्या ताटात अधिक अन्न पडते. अंडे त्याला मिळते, तिला मिळत नाही. मीना विचारते, असे का? मुलग्याला अधिक लागते, तो अधिक कष्ट करतो, असे उत्तर येते. त्यावर एक तोड निघते : एक दिवस दोघांनी आपापली कामे बदलून पाहावीत. मीना लाली नावाच्या गाईला चारावयास नेते. राजू घरातील झाडलोट, पाणी, कोंबड्या इत्यादी कामांना भिडतो. दिवस संपेतो राजू थकून जातो. शेवटी बहिणीचे कष्ट त्याच्या व घरातील मोठ्या माणसांच्या ध्यानी येतात आणि दोघांच्या ताटांत सारखा वाटा पडतो. जेमतेम पाव तासात हे सर्व आटोपते.

कामांची अदलाबदल हे कथासूत्र फार जुने आहे. लोककथांचे वर्गीकरण करणाऱ्या आर्ने, टॉम्पसन व उथर यांच्या सूचीत ते १४०८ या क्रमांकाखाली नोंदलेले आहे. आस्ब्यर्नसेन व मू यांच्या संग्रहातील नॉर्वेजियन कथा हे त्याचे प्रसिद्ध रूप. तीत बायकोच्या कामाला हिणवणारा नवरा एक दिवस घर सांभाळतो आणि बायको शेतावर जाते. घरी पिंपातील दारू वाहून जाते, डुक्कर सायीचे भांडे उलथविते. गाईला चारावयास नेण्यास वेळ नाही म्हणून नवरा तिला घराच्या गवताळ छपरावर चढवितो आणि तिचा दोर धुराड्यातून आत सोडून आपल्या पायाला बांधतो. गाय छपरावरून घसरते, नवरा धुराड्यात ओढला जातो. बायको परत येऊन दोर कापते तेव्हा तो डोक्यावर खळीच्या भांड्यात पडतो.

या कथेत हसू भरपूर आहे. पण कथा संपल्यावर जगात काय बदलते हे पाहिले तर काहीच बदललेले नसते. नवऱ्याची खोड मोडते एवढेच. 'ज्याचे काम त्यानेच करावे' हा तिचा निष्कर्ष होतो, आणि उद्यापासून बायको पुन्हा घरात व नवरा पुन्हा शेतावर. अदलाबदलीचे कथासूत्र परंपरेने जैसे थे स्थितीचे रक्षण करीत आले आहे. उलटे करून दाखवावयाचे ते सुलटेच बरे हे पटविण्यासाठी.

'आंब्याची वाटणी'ने हे सूत्र उचलले, परंतु त्याचे टोक फिरविले. येथेही दिवस उलटा होतो, येथेही गाय आहे, येथेही घरकाम करणारा पुरुष फजीत होतो. मात्र कथेच्या अखेरीस जे तपासावयाचे ते कामाऐवजी ताट असते. लोककथेत अदलाबदलीचा परिणाम नवऱ्याच्या मनावर होऊन संपतो. येथे तो वाढपावर होतो. कामांची वाटणी पुढे काय राहील याविषयी हा भाग फारसे बोलत नाही, आणि ही त्याची एक मर्यादा म्हणता येईल. पण अन्नाची वाटणी तो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलून दाखवितो. प्रतिगामी कथासूत्राला सुधारणेच्या कामाला जुंपण्याची ही युक्ती मराठी वाचकास अगदीच अनोळखी नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मध्ये रूढींचा कैवार घेणाऱ्या सुदामाच्याच तोंडून रूढींचे हसे करविले होते. जुन्याच्या घरात शिरून जुन्याची भिंत आतून पोखरावयाची, ही विनोदी सुधारकाची रीत या चित्रकथेनेही अवलंबिली आहे.

४

तथापि येथे एक गंभीर शंका उपस्थित होते. नाट्यशास्त्राने हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष, विकृत आचार यांचा उल्लेख केला आहे. अभिनवगुप्ताने त्याच्या मुळाशी अनौचित्य पाहिले. बेर्गसाँने हास्यावरील आपल्या ग्रंथात (१९००) विपर्यास, म्हणजे परिस्थितीची उलथापालथ, ही विनोदाची एक प्रमुख प्रक्रिया मानली. या सर्वांचा इत्यर्थ असा की, जेथे 'असे असावयास नको' ही भावना आहे तेथेच हसू येते. मग हाती केरसुणी घेतलेला मुलगा पाहून आपण हसतो याचा अर्थ काय? मुलाच्या हाती केरसुणी शोभत नाही, असे आपण मनात धरून बसलो आहोत हाच. ज्या समजुतीवर हा भाग आघात करू पाहतो तिच्याच भांडवलावर त्याचे हसू उभे आहे. तात्पर्य मीनाच्या बाजूचे आणि हसणे आजीआजोबांच्या बाजूचे, अशी दुफळी येथे होण्याचा धोका आहे. बायकी कामे करणारा पुरुष हा आपल्या रंगभूमीवर व चित्रपटात किती सहज हशा मिळवून जातो, आणि त्या हशाने कोणतीही सुधारणा कशी होत नाही, हे सांगावयास नको.

हा धोका टळतो तो तीन गोष्टींमुळे, असे पुन्हा पाहताना जाणवले.

पहिली गोष्ट वयाची. लोककथेतील नवरा प्रौढ आहे, राजू लहान आहे. प्रौढ पुरुष हंडा उचलताना अडखळला तर त्याचे पौरुष हास्यास्पद होते. लहान मूल अडखळले तर हंडा जड आहे हे दिसते. आपले लक्ष करणाऱ्यावरून कामावर सरकते. आणि मग लागलीच मनात येते की, रोज हा हंडा उचलणारी मीनाही एवढीच लहान आहे. हसण्याचा विषय क्षणात पालटतो. मुलगा हे काम करतो म्हणून प्रथम आलेले हसू 'एवढेसे काम कोणीही करील' या त्याच्या आधीच्या बढाईकडे वळते. अनौचित्य राहतेच, पण ते मुलाच्या हातातील केरसुणीत न राहता त्याच्या अज्ञानात जाऊन बसते.

दुसरी गोष्ट राजूच्या स्वभावाची. मालिकेत त्याला खलपुरुष केलेले नाही. वाटणीत त्याला फायदा होतो, परंतु वाटणी त्याने केलेली नाही. तो लाडका आहे, दुष्ट नाही. जे आपल्याला न मागता मिळते ते आपले हक्काचेच, असे कोणत्याही मुलाला वाटते तसे त्याला वाटते. त्याची फजिती ही शिक्षा नसून शिकवण असल्यामुळे आपण त्याला हसतो तेव्हा त्याच्यावर रागावलेले नसतो. विद्यार्थ्यांपैकी मुलगे या ठिकाणी जितके मोकळे हसले तितक्याच मोकळेपणाने शेवटी गप्प झाले. शत्रूच्या फजितीवर हसणारा प्रेक्षक असा गप्प होत नाही.

तिसरी गोष्ट मिठू पोपटाची. मिठू हा या मालिकेतील विदूषक होय. संस्कृत नाटकातील विदूषकाला राजासमोर जे बोलण्याची मुभा असते ते इतरांना नसते. आणि त्याचे चित्त सदैव खाण्याकडे असल्यामुळे भल्याभल्या उदात्त भाषणांना तो पोटाच्या प्रश्नावर आणून सोडतो. पोपटाला माणसाची भाषा येते, पण माणसाची भीड येत नाही. घरात मुलीने जे मोठ्यांना बोलून दाखविले असता उद्धटपणा ठरला असता ते पाखराच्या तोंडी गंमत ठरते. मोठ्या माणसांचा अपमान न करता त्यांच्या वागण्यातील विसंगती उघड करण्याचे अवघड काम या एका पात्राने हलके केले आहे.

या तीन गोष्टी तात्पर्यात कोठेही उतरत नाहीत. 'मुलगा-मुलगी समान' या वाक्यात राजूची निरागसता नाही, हंड्याचे वजन नाही, मिठू तर नाहीच. आणि मन वळते ते या तिहींमुळे. यास्तव तात्पर्य तेवढे लक्षात ठेवणे म्हणजे औषध टाकून देऊन बाटलीवरील चिठ्ठी जपण्यासारखे आहे.

५

आता या भागाच्या उणिवेकडे वळू. मीनाला शेवटी सारखा वाटा कोणत्या आधारावर मिळतो? तीही राजूइतकेच, किंबहुना अधिक, कष्ट करते हे सिद्ध झाले म्हणून. सारा दिवसभराचा खेळ हा एक पुरावा आहे. 'जो अधिक राबतो त्याला अधिक' हे घरातील मोठ्यांचे सूत्र. मीना त्या सूत्राला आव्हान देत नाही, त्या सूत्रानेच आपला दावा जिंकते. युक्तिवादाच्या दृष्टीने हे चातुर्याचे आहे, कारण प्रतिपक्षाच्याच मापाने त्याला हरविलेले असते. पण माप प्रतिपक्षाचेच राहते.

भाग संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "आणि राणीला किती?" राणी ही या कुटुंबातील तान्ही मुलगी. ती पाणी आणीत नाही, झाडीत नाही, गाय चारीत नाही. कष्टावर वाटा ठरणार असेल तर राणीला काय म्हणून जेवू घालावयाचे? तापाने अंथरुणाला खिळलेल्या मुलीला? म्हातारीला? पुढचा सगळा वाद या प्रश्नावर झाला, आणि तो प्रश्न बाहेरून आणलेला नव्हता. चित्रकथेच्या चौकटीतच तो कोपऱ्यात निजलेला होता.

येथे या भागातील दोन अन्नांचा भेद पाहण्यासारखा आहे. आंबा मीनाने झाडावर चढून काढला आहे. त्यावर तिचा हक्क कष्टाचा आहे, आणि मोठा वाटा राजूला देण्यातील अन्याय कोणालाही पटकन दिसतो. अंड्याचे तसे नाही. ते मिळविण्यासाठी अमक्याने अधिक कष्ट केले असे कोणी म्हणत नाही. तेथे मीनाचा हक्क एवढाच की ती त्या घरातील भुकेले मूल आहे. हा हक्क अधिक खोल आहे आणि सिद्ध करावयास अधिक कठीण आहे, कारण त्याला पुरावा देता येत नाही. भागाला नाव मिळाले ते आंब्याचे. खरा प्रश्न मात्र अंड्याचा आहे. अदलाबदलीचा दिवस आंब्याचा दावा निकालात काढतो आणि अंड्याचा दावा त्याच्या आड झाकून टाकतो.

'जितके काम तितके अन्न' हे माप घरात का पुरत नाही, हे गिरणगावच्या इतिहासात चांगले दिसते. कोकणातून व घाटावरून एकटे आलेले हजारो गिरणी कामगार लालबाग-परळच्या खानावळींत जेवत. या खानावळी पुष्कळदा एखाद्या चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई चालवीत असे. पहाटे उठून पाळीवर जाणाऱ्यांचे डबे, मग दुसऱ्या पाळीचे जेवण, मग तिसऱ्या. या कामाचे पैसे येत, माणसे मोजून ताटे लागत, तरीही ते 'काम' म्हणून धरले जात नसे; बाई 'घरीच असते' असेच म्हटले जाई. गिरणीतील तास हजेरीपटावर चढत, चुलीपुढील तास कोणत्याच पटावर चढत नसत. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. त्यातून या खानावळवाल्या बायका बँकेच्या दारापर्यंत पोचल्या आणि त्यांच्या श्रमाला प्रथमच व्यवसायाचे नाव मिळाले. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा कामगारांबरोबर त्यांना जेवू घालणाऱ्या या बायकांचाही आधार तुटला.

या इतिहासाचा निष्कर्ष असा : श्रमाच्या मापाने न्याय मागावयाचा तर आधी श्रम हा श्रम म्हणून दिसावा लागतो, आणि तो कोणाला दिसावा हे ज्याच्या हाती हजेरीपट आहे तो ठरवितो. मीनाचे श्रम दिसावेत म्हणून राजूला एक अख्खा दिवस तिच्या जागी उभे राहावे लागले. ज्या घरात राजू असा उभा राहावयास तयार नाही त्या घरातील मीनाने काय करावे, याला या युक्तिवादाजवळ उत्तर नाही. आणि प्रश्न जुनापुराणा झालेला नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयातील स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय असल्याचे आढळले; त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत व ती सर्व ताटातून येत नाहीत हे मान्य केले, तरी पुरुषांची पहिली पंगत उठल्यावर उरलेल्यात बायकांनी भागवावयाचे ही आपल्या घरांची रीत त्या कारणांत नाही, असे कोण म्हणेल?

६

या उणिवेवर विनोदी चित्रकथेजवळ उत्तर आहे काय? आमच्या मते आहे, पण ते तिच्या संवादांत नाही, तिच्या चित्रात आहे.

मराठीत 'वाढणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. ताटात अन्न घालणे तेही वाढणे आणि मूल मोठे होणे तेही वाढणे. आपण मुलाला वाढतो आणि मूल वाढते. या दोन क्रियांमध्ये 'त्याने किती काम केले?' हा प्रश्न भाषेने कोठेच ठेवलेला नाही. वाढपाचा संबंध तिने मजुरीशी जोडला नसून वाढीशी जोडला आहे. मीना मराठीत कल्पिली गेली असती तर कदाचित हा एक शब्दच तिच्या बाजूने साक्ष द्यावयास पुरला असता.

चित्रात हेच वेगळ्या रीतीने घडते. या भागात आरंभी आपण दोन असमान वाटे पाहतो व अखेरीस दोन समान वाटे पाहतो. संवाद सांगतात की, मीनाने कष्ट केले म्हणून हे झाले. पण डोळ्यांना काय दिसते? राम मोहन यांच्या साध्या, मोजक्या रेषेत काढलेली दोन मुले, जवळजवळ एकाच उंचीची, सारख्याच भुकेने पुढे बसलेली. ज्या प्रेक्षकाने मधला दिवस पाहिलाच नाही, त्यालाही पहिले चित्र चुकलेले आणि शेवटचे बरोबर वाटेल. पुराव्याची गरज भासण्यापूर्वीच डोळ्यांनी निकाल दिलेला असतो. व्यंगचित्राचे बळ असे की, ते विसंगती मोजून न दाखविता नुसती शेजारी शेजारी मांडते. लहान तुकडा आणि मोठा तुकडा एका चौकटीत आले की झाले. 'शतरंज के खिलाडी'तील फळे गिळणाऱ्या लाटसाहेबाविषयी कोणाला युक्तिवाद करावा लागला नाही. येथेही वस्तुतः लागत नव्हता.

म्हणून या भागात दोन न्याय एकाच वेळी नांदतात असे म्हटले पाहिजे. कथानकाचा न्याय श्रमाचा आहे. तो घरातील मोठ्यांना पटविण्यासाठी योजला आहे, आणि चार देशांतील लक्षावधी कर्मठ घरांत प्रवेश मिळवावयाचा तर तो योजणे कदाचित भागच होते. चित्राचा न्याय भुकेचा आहे. तो मुलांना कळतो आणि त्याला पटविण्याची गरज पडत नाही. मालिकेतून तात्पर्य काढणाऱ्यांनी पहिला न्याय उचलला, कारण तो शब्दांत सांगता येतो. दुसरा मागे राहिला, कारण तो पाहावा लागतो. राणीच्या वाट्याचा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने शब्दांवर विसंबण्याऐवजी चित्र पाहिले होते. म्हणूनच शब्दांतील फट तिला दिसली.

यावरून आपल्या अभ्यासाच्या पद्धतीविषयी एक सूचना करावीशी वाटते. प्रचारात्मक व बोधप्रधान साहित्याकडे आपल्या विभागांतून बहुधा समाजशास्त्रीय साधन म्हणून पाहिले जाते. त्याचा हेतू, त्याचा पुरस्कर्ता, त्याचा परिणाम यांची नोंद होते. त्याची घडण मात्र वाङ्मयीन चर्चेच्या योग्यतेची समजली जात नाही. फिल्म्स डिव्हिजनच्या लघुपटांपासून 'मीना'पर्यंतचा, मुंबईतील चित्रकारांनी घडविलेला हा सारा संभार त्यामुळे अभ्यासाच्या बाहेर राहिला आहे. हे लघुपट पुन्हा पाहिले पाहिजेत, आणि पाहताना 'याचे तात्पर्य काय?' हा प्रश्न शेवटी ठेवला पाहिजे. त्याआधी विचारावयाचे ते असे : आपण कोठे हसलो? कोणाला हसलो? आणि हसणे कोणत्या चित्रापाशी थांबले? 'आंब्याची वाटणी'पुरते सांगावयाचे तर ते दोन ताटांपाशी थांबले. शाळांतील मंचांवर मीना आणि राजू यांच्या नावाने जे उपक्रम होतात त्यांतही भाषणाआधी हा पाव तासाचा भाग मुलांना दाखविला, आणि मग राणीच्या वाट्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला, तर मोठ्यांना न सुचलेले उत्तर त्यांच्याकडून येण्याचा पुष्कळ संभव आहे.